चिखलदऱ्याचा हंगामी बाजार: डोंगरावर आलेला पैसा डोंगरावरच राहावा म्हणून

पावसाळ्यातल्या एखाद्या शनिवारी परतवाड्याहून घाट चढणाऱ्या गाड्यांच्या डिक्क्या पाहा. पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, चिवड्याची पाकिटं, बिस्किटं, अमरावतीहून बांधून घेतलेले आलूबोंडे, सगळं खालून वर येतं. रविवारी संध्याकाळी त्याच गाड्या उतरतात आणि डोंगरावर रिकामी पाकिटं तेवढी राहतात. त्याच दोन दिवसांत घाटाच्या वळणावर एखादी कोरकू आदिवासी बाई टोपलीभर काटवलं, म्हणजे करटोली, घेऊन पावसात बसलेली असते. तिच्यापाशी गाडी थांबत नाही, कारण तिथे गाडी थांबवायला जागाच नसते.

चिखलदऱ्यात माल आहे आणि गिऱ्हाईकही आहे. दोघांची गाठ पडत नाही, एवढीच खरी अडचण आहे. बचत गट, ग्रामसभा, गावातली पोरं आणि दोन-चार समजूतदार हॉटेलवाले एकत्र आले तर ही गाठ घालून देता येते. त्यासाठी काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिते आहे. चिखलदरा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं असलं तरी ताडोबाच्या मोहर्ली-कोलारा गेटजवळच्या किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूच्या गावांनाही यातलं बरंच लागू पडेल. फरक एकच. व्याघ्र प्रकल्पाची कोअरमधली सफारी पावसाळ्यात बंद असते, म्हणून तिकडचा हंगाम हिवाळा-उन्हाळ्याचा. चिखलदऱ्याची खरी गर्दी धुक्याची, म्हणजे जुलै ते सप्टेंबरची.

आधी डोंगराचं पंचांग मांडा

बाजाराची तारीख ठरवण्याआधी एक मोठा कागद घ्या. त्यावर बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत बसवून कोणत्या महिन्यात डोंगरावर काय निघतं ते लिहून काढा. हे काम एका दुपारचं आहे, पण पुढचं सगळं यावर उभं राहतं.

आमच्याकडचा कागद साधारण असा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, त्यामागोमाग चारोळी. पाऊस लागला की काटवल, तरोटा (टाकळा), वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) आणि इतर रानभाज्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला सीताफळ. दिवाळीच्या मागेपुढे कुटकी, कोदो, सावा यांचं नवं धान्य. मग आवळा. डिसेंबर ते मार्च मोथा गावातली आणि आसपासच्या शेतांतली स्ट्रॉबेरी. दूध, खवा आणि रबडी बारमाही, कारण गवळ्यांच्या म्हशी बारमाही. मध आणि कॉफी साठवून ठेवता येतात, म्हणून त्याही बारमाही धरा.

आता याच कागदावर दुसऱ्या रंगाने पर्यटकांची गर्दी लिहा. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार, १५ ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्ट्या, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि वर्षअखेर. दोन रंग एकमेकांवर ठेवले की फट दिसते. सर्वांत मोठी गर्दी पावसाळ्यात असते आणि बरंचसं पीक तर पावसाळ्यानंतर निघतं. म्हणजे जुलैच्या बाजारात विकायची कुटकी ही गेल्या दिवाळीची असणार, आणि ती आठ महिने कोरडी ठेवण्याची सोय आधीच करायला हवी. जुलैत रस्त्यावर भाजली जाणारी मक्याची कणसंही बहुतेक खालून येतात. डोंगरावरचं कणीस ऑगस्टअखेरीस हाताशी येतं. गिऱ्हाइकाला खरं सांगा. "आपल्या वावरातलं कणीस अजून झालं नाही जी, पुढच्या महिन्यात या," असं सांगणाऱ्या बाईकडे लोक परत येतात.

तिसरा रंग माणसांचा. दिवाळीनंतर मेळघाटातली पुष्कळ कोरकू कुटुंबं कामासाठी खाली उतरतात आणि होळीला फगव्यासाठी परततात. म्हणून नाताळच्या बाजाराला सगळे विक्रेते मिळतीलच असं समजू नका. हिवाळी बाजार लहान ठेवा, त्यात स्ट्रॉबेरी, कॉफी, दूधदुभतं आणि धान्य असू द्या. जोर लावा तो पावसाळ्यातल्या आठ-दहा शनिवार-रविवारांवर. पेरणीच्या आणि निंदणाच्या ऐन दिवसांत बायांना दोन्ही दिवस बसवून ठेवू नका. एका गटातल्या दोघी शनिवारी आणि दोघी रविवारी अशी पाळी लावा.

मेळघाटाला हंगामी बाजार नवा नाही, हेही लक्षात असू द्या. दिवाळीनंतर धारणीकडे घुंगरू बाजार भरतो. गुराखी, म्हणजे इकडचे थाट्या, नाचत येतात, आणि तिथे खरेदीइतकंच भेटणं महत्त्वाचं असतं. नवा बाजार मांडताना त्यातलं एक तरी घ्या: बसायला, बोलायला जागा.

जागा आणि परवानगी

चिखलदरा शहर नगर परिषदेच्या हद्दीत येतं. शहरात बाजार भरवायचा तर अर्ज तिथे द्यायचा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात आणि त्यांतल्या एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. तुमच्या गटातली एखादी बाई त्या समितीत जाऊ शकते का, हे अर्ज देतानाच विचारा.

शहराबाहेरच्या गावांत गोष्ट वेगळी आहे. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. गावबाजारांचं व्यवस्थापन करण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभा आणि पंचायतीच्या पातळीवर आणला आहे. ग्रामसभेत रीतसर ठराव घ्या, त्यात दिवस, जागा, दुकानभाडं आणि कोण बसणार हे लिहा. ठरावाची प्रत जवळ असली की बाहेरून येऊन पावत्या फाडणाऱ्याला उत्तर देता येतं.

वनविभागाच्या जागेवर मात्र परवानगीशिवाय एक खांबसुद्धा रोवू नका.

जागा निवडताना देखावा बघू नका, पार्किंग बघा. देवी पॉइंटला, भीमकुंडाला, गाविलगडाला माणूस जातो तो दरी बघायला. तिथे वारा, धुकं, माकडं आणि परतायची घाई, तिथे तो पिशवी भरत नाही. गाडी लावतो तिथे तो दोनदा येतो, जाताना आणि येताना. पार्किंगपासून शंभर पावलांच्या आत बाजार असेल तर अर्धी लढाई जिंकली. गर्दीच्या रविवारी घाटात गाड्या तासन्‌तास अडकतात, म्हणून बाजार सकाळी ९ ला सुरू करून दुपारी ४ ला आवरा. परतीच्या घाईत कुणी खरेदी करत नाही, आणि विकणाऱ्या बाईलाही उजेडात घरी पोचायचं असतं.

मांडणी: पाऊस आडवा येतो हे धरून

या उंचीवर, म्हणजे सुमारे १,११८ मीटरवर, पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. वर ताडपत्री बांधून भागत नाही, वाऱ्याच्या बाजूलाही बांधावी लागते. जमिनीवर माल ठेवू नका. लाकडी फळ्या किंवा विटा ठेवून हातभर उंच ओटा करा. गिऱ्हाइकालाही डोक्यावर छप्पर हवं, नाहीतर तो छत्री सांभाळत दोन मिनिटांत निघून जातो. दोन रांगा समोरासमोर लावून मधल्या वाटेवर एकच लांब ताडपत्री ओढली की दोन्ही कामं होतात.

मोबाइलवरून पैसे घेण्याचा कोड प्रत्येकीकडे असू द्या, पण भिस्त त्यावर ठेवू नका. धुक्यात आणि गर्दीत रेंज जाते. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा दाखवून "गेले पैसे" म्हणतं आणि खात्यात काही येत नाही. एका ठिकाणी सामायिक गल्ला ठेवा, त्यात दहा-वीसच्या नोटा आणि सुटे शुक्रवारीच आणून ठेवा. "सुटे नाहीत" एवढ्या एका कारणाने दिवसभरात जितका माल परत टोपलीत जातो, तितका पावसानेही जात नाही.

तराजू मात्र चांगला घ्या आणि वजनमाप खात्याकडून त्यावर शिक्का मारून घ्या. मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात एके काळी मापभर मिठाला मापभर चारोळी देऊन आदिवासींना नागवलं गेलं. आपल्या बाजारात वजन सर्वांना दिसेल असं, किलोत आणि ग्रॅमात झालं पाहिजे. पायली-कुडवाने मोजण्याची सवय असेल तर घरी मोजा, विकताना तोलून विका.

पाट्या मोठ्या अक्षरांत लिहा. मालाचं नाव मराठीत लिहा, कोरकूतही लिहा, कोणत्या गावचा माल आणि भाव काय तेही लिहा. भाव लिहिलेला असला की घासाघीस आपोआप निम्मी होते.

कोणता माल कसा विकायचा

खवा आणि रबडी यांवर थोडं थांबते, कारण चिखलदऱ्याची ओळख म्हणून लोक हेच विचारत येतात आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. हिशोब सोपा आहे. म्हशीचं साधारण ५ लिटर दूध आटवलं की १ किलो खवा निघतो. दूध लिटरला ६० रुपये धरलं तर नुसत्या दुधाचेच ३०० रुपये झाले. त्यावर सरपण, कढईपाशी उभं राहून ढवळण्याची मेहनत आणि येण्या-जाण्याचा खर्च. मग कुणी २५० रुपयांत किलोभर "शुद्ध खवा" देत असेल तर एकतर त्यात भेसळ आहे, नाहीतर गवळी तोट्यात विकतो आहे. हा हिशोब पाटीवर लिहून टांगा. भाव का जास्त, हे गिऱ्हाइकाला तोंडाने पटवण्यापेक्षा ५ लिटर आणि १ किलो हे दोन आकडे लवकर पटवतात. रबडी पळसाच्या द्रोणात द्या, वर झाकण ठेवा, सकाळी केलेली त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी उरली तर घरी न्या, दुसऱ्या दिवशी विकू नका. एक माणूस आजारी पडला तर अख्ख्या बाजाराचं नाव जातं.

मधाचंही तसंच. तालुक्यातलं आमझरी मधाचं गाव म्हणून पुढे आलं आहे, त्यामुळे मागणी आहे. कागदावर थेंब टाकून किंवा पाण्यात सोडून मधाची परीक्षा करून दाखवू नका. त्या परीक्षांवर विसंबता येत नाही, साखरेचा दाट पाकही त्यात पास होतो. त्यापेक्षा पोळं कुठलं, आग्या माशीचं की सातेरीच्या पेटीचं, कोणत्या महिन्यात काढलं, हे बाटलीवर लिहा. मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं, नाहीतर तो आंबतो. म्हणून मेणाने बंद झालेल्या घरांतलाच पिकलेला मध काढायचा आणि पावसाळ्यात बाटली उघडी ठेवायची नाही. थंडीत मध गोठून रवाळ झाला तर गिऱ्हाईक साखर समजतं, त्यालाही समजावून सांगा. पोळं जाळून मध काढणाऱ्याचा माल बाजारात घेऊच नका. पिलांचा भाग ठेवून मधाचा तेवढा कापणाऱ्याला किलोमागे जास्त भाव द्या. हा नियम पहिल्या बैठकीतच व्हायला हवा.

रानभाज्यांसोबत चिठ्ठी द्या. शहरातल्या माणसाला वास्ते दिसतात छान, पण ते बारीक चिरून, पाण्यात भिजवून, उकळून, ते पाणी फेकून द्यावं लागतं हे त्याला ठाऊक नसतं. तसेच शिजवले तर त्रास होतो. तरोट्याची कोवळी पानंच घ्यायची, हेही लिहा. ज्या भाजीची शंभर टक्के ओळख नाही ती टोपलीत नको. शक्य असेल तर एक चूल मांडा आणि तिथेच काटवलाची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढा. चाखून झालं की पाव किलो आपोआप घेतलं जातं.

कुटकी-कोदो सालासकट विकून भाव येत नाही, घरी शिजवता येत नसल्यामुळे शहरातला माणूस एकदाच घेतो. सडून, पाखडून, अर्ध्या किलोच्या पाकिटात द्या. कोदोला ओल लागून बुरशी आली तर ते खाऊन चक्कर-उलट्या होतात, म्हणून कडक उन्हात वाळवलेलंच पॅक करा. पाकिटावर शिजवायची रीत लिहा.

फळांची प्रतवारी कशी करायची, ते परतवाड्याजवळच्या पायविहीरकडून शिकावं. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने उजाड जंगल राखून वाढवलं. २०१४ मध्ये त्यांना जैवविविधतेचा पुरस्कार मिळाला आणि गावाची सीताफळं 'नॅचरल्स मेळघाट' या नावाने मुंबईपर्यंत गेली. तेच सीताफळ टोपलीच्या भावात व्यापाऱ्याला गेलं असतं. मोठं, मध्यम, लहान असं वेगळं करून खोक्यात भरलं आणि त्यावर गावाचं नाव लावलं की भाव ठरवणारा माणूस बदलतो.

शिजवलेलं किंवा पाकीटबंद काहीही विकणाऱ्या प्रत्येकीची अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. छोट्या विक्रेत्याला साधी नोंदणी पुरते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. बचत गटांचं काम पाहणाऱ्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या प्रभाग समन्वयकाला धरलं तर सगळ्यांचे अर्ज एकाच दिवशी भरून होतात. शहरातल्या विक्रेत्यांना २०२० पासूनच्या पीएम स्वनिधी योजनेत तारण न देता भांडवल मिळतं, पहिलं कर्ज आता १५,००० रुपयांपर्यंत आहे. मोहाचे लाडू जरूर विका. परवान्याशिवाय मोहाची दारू विकणं गुन्हा आहे, एका बाटलीपायी पूर्ण बाजार बंद पडू शकतो.

खालून प्लास्टिकची खेळणी आणि टोप्या घेऊन येणाऱ्या विक्रेत्यांचं काय? माझं मत असं की त्यांना हाकलू नका. तेही पोट भरायलाच घाट चढतात आणि पोरांमुळे गर्दी टिकते. त्यांची रांग वेगळी ठेवा आणि डोंगरावरच्या मालाला वेगळी खूण द्या, म्हणजे घेणाऱ्याला कळेल.

हॉटेलवाल्यांशी बोलणी

दोन दिवसांच्या बाजारापेक्षा हॉटेलचं रोजचं स्वयंपाकघर मोठं गिऱ्हाईक आहे. तीस माणसांच्या हॉटेलला रोज दूध, भाजी, अंडी, फळं लागतात आणि त्यातलं पुष्कळ खालून टेम्पोने येतं. मालकाकडे जाताना "आम्हाला मदत करा" म्हणून जाऊ नका. काय, किती, कोणत्या दिवशी आणि कोणत्या भावाने देऊ शकतो, याचा कागद घेऊन जा. सुरुवात एका पदार्थापासून करा. सकाळच्या चहाचं दूध मोथ्याच्या गवळ्याकडून, एवढंच. ते दोन महिने न चुकता पोचलं की मालक स्वतः भाजीचं विचारतो.

आणि उधारी. यावर मला कळकळीने सांगायचं आहे. एका हंगामात आमच्या ओळखीतल्या एका बाईने एका हॉटेलला रोज भाजी दिली. "हंगाम संपला की एकदम देतो" असं ठरलं होतं. हंगाम संपला, मालक शहरात गेला, पैसे होळीला आले आणि तेही अर्धे. तोवर तिने सावकाराकडून पैसे उचलले होते. हॉटेलच्या वहीत ती रक्कम किरकोळ होती, तिच्या घरात ती पोराची फी होती. म्हणून व्यवहार व्यक्तीने करू नये, गटाने करावा. पहिल्या दिवशी लेखी ठरवा: पैसे दर सोमवारी. एक सोमवार चुकला तर मंगळवारी माल जाणार नाही. गटाच्या नावाने पावतीपुस्तक ठेवा आणि प्रत्येक पावतीवर हॉटेलच्या माणसाची सही घ्या. हे बोलायला संकोच वाटतो, मालक मोठा माणूस असतो. म्हणून एकटीने जाऊ नका, तिघी जा.

हॉटेलवाल्यांनी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. काउंटरवर बाजाराच्या मालाची एक फळी ठेवा, कमिशन न घेता. आणि जेवणाच्या यादीत गावाचं नाव घाला: मोथ्याची रबडी, डोंगरची कुटकी. पाहुणे विचारतात, मग बाजारात येतात.

घाट चढून येणाऱ्यांसाठी

खालून पाणी आणा, पण डबाभर खाणं आणू नका. एक जेवण आणि एक चहा डोंगरावरच्या माणसाकडून घ्या. सोबत कापडी पिशवी, रिकामा डबा आणि सुटे पैसे असू द्या. बाजारात पोचल्यावर आधी एक फेरी मारा, मग घ्या. काटवलाच्या टोपलीवर दहा रुपये कमी करायला लावू नका, ती टोपली भरायला सकाळचे तीन तास गेलेले असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा: "मावशी, काढू का फोटो?" नाही म्हणाल्या तर नाही. मुक्काम करायचा तर गावातल्या घरात खोली मिळते का ते पाहा. उरलेलं अन्न रस्त्याकडेला टाकू नका. त्याने माकडं आणि अस्वलं वस्तीकडे येतात, आणि तुम्ही गेल्यावर त्यांना तोंड देतं ते गाव.

जमल्यास गर्दीच्या रविवाराऐवजी मंगळवार-बुधवार निवडा. बाजार नसला तरी गवळ्याचं घर आणि कॉफीचं दुकान उघडं असतं, आणि मधल्या वारी झालेल्या विक्रीने आठवडा निभावतो.

शेवटच्या रविवारनंतर

सप्टेंबरचा शेवटचा बाजार आटोपला की आठवड्याच्या आत बैठक घ्या. दुकानभाड्याचे, सामायिक गल्ल्याचे, ताडपत्रीच्या खर्चाचे आकडे मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल असे, एकेक करून वाचा. कोणता माल संपला, कोणता परत गेला, कोण मधेच सोडून गेलं आणि का, हे लिहून घ्या. सोडून गेलेल्या बाईच्या घरी दोघींनी जाऊन या. बहुधा कारण पैसा नसतं. लेकरू आजारी असतं, किंवा तिची जागा कुणीतरी घेतलेली असते.

शिल्लक रकमेतून आधी धान्याच्या कोठ्या घ्या, कारण कुटकी दिवाळीला येईल आणि ती पुढच्या जुलैपर्यंत कोरडी राहायला हवी. ताडपत्र्या ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस वाळवून, घडी करून, उंदीर पोचणार नाहीत अशा आढ्याला बांधून ठेवा. पंचांगाचा तो मोठा कागद त्याच खोलीत भिंतीला लावा आणि यंदाच्या चुका त्यावर लाल शाईने लिहा.

होळीला सगळी माणसं परत येतात. पुढच्या पावसाळ्याचा ठराव घ्यायला फगव्यानंतरची ग्रामसभा धरा.